पेवात सोडलेला कंदील

इस्त्रीचे कपडे हातावर घेऊन उमाकांत जिना चढत होता, तेव्हा फोनवर निरोप आला.

डेटा साठवून ठेवणारी ती कंपनी बंद होत होती. ग्राहकांनी आपापलं सगळं महिनाअखेरपर्यंत काढून घ्यावं. त्यानंतर ते पुसलं जाईल.

त्या कंपनीच्या क्लाउडवर वासंतीचा आवाज होता. आजारपणात त्याची बायको रोज फोनवर काहीबाही बोलून ठेवायची. ती गेली त्याच आठवड्यात त्यानं ते सगळं तिथं चढवलं आणि तिचा फोन कुणाला तरी देऊन टाकला. घरात नको होता.

दुसरी जागा शोधणं त्याला जड नव्हतं. मोठमोठ्या कारखान्यांना तो हाच सल्ला देत असे. तरी कपडे पलंगावर तसेच पडून राहिले, कंपन्यांच्या दरांचे तक्ते वाढत गेले, आणि महिना सरत आला. शेवटी वासंती जायची त्या कृष्णाकाठच्या मठाकडे त्यानं गाडी वळवली.

मठाच्या अंगणात शाळूचं पेव उघडलं होतं. जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार ते; वर एक माणूस उतरेल एवढंच तोंड. तोंडावरची फरशी सारून गडी लांब जाऊन उभे होते. शंभूपुरी महाराज मात्र काठाजवळ बसून कंदिलाची काच पुसत होते.

“महाराज, एक विचारायचं होतं.”

“विचार की. पर वाऱ्याच्या अंगानं बस. नाहीतर डोकं धरंल.”

आतून आंबूस वास येत होता. उमाकांत सरकून बसला. त्यानं फोनवर तक्ता उघडला.

“एक कंपनी ठेवायचं जवळजवळ काहीच घेत नाही. पण काढायला गेलं की पैसे. दुसरी काढायचे घेत नाही, पण ठेवणं महाग.”

“आन् आत घालायला?”

“आत घालायला कुणीच काही घेत नाही.”

“म्हंजे कोर्टासारखं.”

लांबचे गडी हसले. उमाकांत हसला नाही.

“तिसरी अगदी खोल ठेवते. स्वस्त पडते. पण मागितलं की लगेच हातात येत नाही. अर्धा दिवस थांबावं लागतं.”

“मग अडलंय कुठं?”

“एका रकान्यात. कितीदा काढणार, ते भरल्याशिवाय स्वस्त कुठली ते कळत नाही. दुसऱ्यांना मी हे पहिल्यांदा विचारतो. इथं मला तो रकाना भरता येईना…”

“आजवर कितीदा काढलंस?”

उमाकांतनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

महाराजांनी कंदील पेटवला, कडीला दोर बांधला आणि दोराचं टोक त्याच्या हातात दिलं.

“सोड. हळू.”

कंदील खाली गेला. ज्योत आधी लहान झाली, मग थरथरली, मग नाहीशी झाली. उमाकांतनं घाईघाईनं दोर वर ओढला.

“विझला.”

“इझणारच. कोंडलेली हवा. आत्ता माणूस उतरला असता तर वर आला नसता.”

“मग… झाकून टाकायचं?”

“झाकून काय हुईल?”

महाराजांनी तंबाखू मळायला घेतली. ऊन फरशीवरून सरकत होतं.

“महाराज, मला उद्यापर्यंतच वेळ आहे. उद्या ते सगळं पुसणार.”

“पेवाला सांग.”

तो उठला, विहिरीपर्यंत गेला, परत आला. फोन पाहिला. पुन्हा बसला.

“आतलं धान्य चांगलं असेल?”

“कडंचं काळं पडलं असंल. मधलं ऱ्हातंय. वरनं कुणाला कळतंय?”

फरशी उन्हानं तापली तेव्हा कंदील पुन्हा पेटवून खाली सोडला. ज्योत हलली… आणि राहिली. तळाशी शाळूचे दाणे पिवळे दिसले. गडी टोपल्या घेऊन पुढं आले. एक जण बाजूची शिडी आत सोडू लागला.

उमाकांतच्या हातातला दोर ताठच होता. महाराजांनी हलकेच तो काढून घेतला.

“कुठं ठेवू, ते सांगितलं नाहीत,” उमाकांत म्हणाला.

महाराज खाली उजेडाकडं बघत होते.

“वासंतीबाई शेवटच्या आल्या तवा इचारत होत्या, फोनवर बोलून ठेवलंय त्यातलं ह्यांनी काही ऐकलं का म्हणून. म्हटलं, इचारून सांगतो… त्यांना सांगायचं ऱ्हायलंय माझं.”