झुपकीचं हिरवं फळ

एक खार होती. एवढुशी. शेपटी मात्र भली झुपकेदार, म्हणून तिचं नाव झुपकी.

एकदा भाजीवालीच्या पाटीतून एक फळ पडलं. टप्प!

झुपकीने पाहिलं. हिरवं होतं. आंबा नाही. पेरू नाही. मग आहे तरी काय?

चावून पाहिलं. कट्ट! दगडासारखं टणक.

फळ हातातून सुटलं. गडगड गडगड. सरूकाकूच्या दारात तांदळाचा डबा उघडा होता. फळ थेट तांदळात. वाऱ्याने झाकण पडलं. खट्!

झुपकी बावरली. आत्ता तर होतं!

"डब्या डब्या, उघड ना. माझं फळ दे ना."

डबा म्हणाला, "झाकण काकू उचलते. मी नाही उघडत."

झुपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"काकू काकू, डबा उघडेना, माझं फळ मिळेना!"

काकू बसली होती चटणी वाटायला. म्हणाली, "मिरचीच नाही घरात. मिरची आण, मग मी उठते."

मिरची? झुपकीने डोकं खाजवलं. हरवलंय फळ आणि आणायची मिरची? पण निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"रोपा रोपा, काकू उठेना, डबा उघडेना, माझं फळ मिळेना!"

मिरचीचं रोप मान टाकून उभं होतं. म्हणालं, "तहान लागली. झारी पाणी घालेल, तर मिरची देईन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"झारी झारी, रोप मिरची देईना, काकू उठेना, डबा उघडेना, माझं फळ मिळेना!"

झारी म्हणाली, "माझं पोट रिकामं. नळ वाहील, तर पाणी घालीन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"नळा नळा, झारी पाणी घालेना, रोप मिरची देईना, काकू उठेना, डबा उघडेना, माझं फळ मिळेना!"

नळ नुसताच सूंऽ सूंऽ करत होता. म्हणाला, "दौलतमामा चावी फिरवतील, तर वाहीन."

दौलतमामा म्हणजे गावाला पाणी सोडणारे मामा. त्यांची चावी झुपकीहून लांब.

"मामा मामा, नळ वाहेना, झारी पाणी घालेना, रोप मिरची देईना, काकू उठेना, डबा उघडेना, माझं... माझं..."

झुपकी थांबली. काय बरं हवं होतं? हां!

"माझं फळ मिळेना!"

मामा म्हणाले, "आज पाण्याचा दिवस नाही गं. दोन झोपा काढ, मग ये."

झोपा? फळासाठी मिरची, मिरचीसाठी पाणी आणि पाण्यासाठी झोप? झुपकीला काही म्हणजे काही कळेना. फळ तिथेच असेल ना? तिला रडूच आलं.

झुपकी झोपली. फुर्र फुर्र. उठली. परत झोपली. फुर्र फुर्र. परत उठली.

मामांनी चावी फिरवली. कर्रर्र!

नळ वाहिला, झारीने पाणी घातलं, रोपाने मिरची दिली, काकू उठली, डबा उघडला, आणि झुपकीला फळ मिळालं.

पण हे काय? फळ काळपट. बोट लावलं तर मऊ मऊ.

"हे माझं नाही," झुपकी म्हणाली.

काकू हसली. "तुझंच आहे गं. आंबे पिकतात ना तांदळात, तसं पिकलंय."

काकूने फळ कापलं. आत ही एवढी मोठी बी! गर वाटीत काढला. गच गच कुस्करला. चिमूटभर मीठ. लिंबू पिळलं. मिरचीचा इवलासा तुकडा. पहिला घास झुपकीला.

झुपकीने चाटलं. मिटक मिटक. आंबट! खारट! लोण्यासारखं गुळगुळीत!

काकूने विचारलं, "कसली म्हणायची ही चटणी?"

झुपकी विचारात पडली. आंब्याची नाही. पेरूची नाही. मग आहे तरी कसली?

"माझी," झुपकी म्हणाली.

आणि वाटी चाटूनपुसून लख्ख केली.