भाऊबीजेचे जहाज

एका बंदरात सुपारीचा एक व्यापारी राहत होता. त्याचे नाव बाबलशेट. माणूस कष्टाळू होता, प्रेमळही होता. पण त्याला एक खोड होती. कोणाला काही द्यायचे झाले की ते सगळ्यांत मोठे असले पाहिजे, असे त्याला वाटे. शेजाऱ्याच्या मुलीला लग्नात त्याने समई दिली, ती तिच्या सासरच्या देवघरात मावेना. देवळाला घंटा दिली, ती वाजवायला दोन माणसे लागत. लोक हसत. बाबलशेटला ते कौतुक वाटे.

त्याच्या आईचे नाव द्वारकाबाई. तिचे माहेर केवणी. केवणी हे दक्षिणेला, दीड दिवसाच्या वाटेवर, एका खाडीच्या आत वसलेले लहानसे गाव. तेथे तिचा धाकटा भाऊ भिकाजी राहत होता. त्यांची आई लवकर गेली. त्यामुळे भिकाजीला न्हाऊमाखू घातले ते द्वारकाबाईनेच.

दर भाऊबीजेला भिकाजी मचव्यात बसून बहिणीकडे येई. मचवा म्हणजे शिडाची लहान नाव. पन्नास वर्षांत त्याने एकही भाऊबीज चुकवली नाही. मग त्याचे गुडघे गेले. अंगणात यायचे तरी त्याला मुलाचा खांदा धरावा लागे. तीन वर्षे तो आला नाही. भाऊ जवळ नसला की बायका चंद्राला ओवाळतात. द्वारकाबाईने तीन वर्षे चंद्राला ओवाळले.

चौथ्या वर्षी दसरा झाला, तशी ती मुलाला म्हणाली, "बाबल, चंद्र म्हणजे काही भिकू नव्हे. यंदा मला केवणीला ने. एकदा त्याच्या कपाळाला माझ्या हाताने टिळा लावू दे. मग माझे काही मागणे नाही."

बाबलशेटला आनंद झाला. आईने आजवर त्याच्याकडे काहीच मागितले नव्हते. आता ती मागते आहे, तर असे काही करावे की बंदराने नाव काढावे, असे त्याने मनाशी ठरवले.

ही गोष्ट लखमा तांडेलाच्या कानावर गेली. केवणीचे नारळ बंदरात आणणारा मचवा त्याचाच होता. तो दुकानात आला आणि म्हणाला, "शेट, आक्कांना मी नेतो. जाताना मचवा रिकामाच असतो."

"रिकामा कसला? मागच्या खेपेचे नारळ अजून त्यात लोळत असतील," बाबलशेट म्हणाला. "आमच्या आईने बसायचे कोठे?"

दुकानातली माणसे हसली. लखमाही हसला. "नारळ सरकवता येतात, शेट. आणि आक्का काही फार जागा घेत नाहीत."

मग त्याने समजावून सांगितले. अमावास्या नुकतीच झालेली असल्यामुळे बीजेला समुद्राला उधाण असते. केवणीच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. त्याच्या बाहेर त्या दिवशी पाणी फार उसळते. पण भरतीला मचवा बांधावरून आत शिरला की पुढे पाणी तळ्यासारखे शांत. भिकाजीचे घर अगदी काठावर. मचवा त्यांच्या अंगणाला लावता येतो.

बाबलशेटने ऐकले, पण मनावर घेतले नाही. त्याच्या डोळ्यांपुढे दुसरेच काही होते.

त्या वर्षी बंदरात एक मोठे जहाज आले होते. त्याचे नाव 'सागरवैभव'. तीन मजले, तीनशे प्रवासी, जेवणाच्या दालनात झुंबरे, वर वाजंत्री. दिवाळीच्या दिवसांत ते श्रीमंत लोकांना समुद्राची सफर घडवणार होते. सफरीची वाट केवणीवरूनच जात होती. बाबलशेटने जहाजाच्या कचेरीत चौकशी केली. तिथल्या कारकुनाने काही लपवले नाही. जहाज मोठे असल्यामुळे खाडीत शिरणार नाही, ते बाहेर समुद्रात अर्धा तास थांबेल आणि पुढे जाईल, असे त्याने स्पष्ट सांगितले.

बाबलशेटने तेथेच ठरवून टाकले. आई खाडीत जायला नको. मामाच होडीत बसून जहाजावर येईल. तसा निरोपही त्याने केवणीला धाडला.

द्वारकाबाईला हे कळले तेव्हा ती म्हणाली, "अरे, त्याला येता येत नाही, म्हणून तर मी निघाले आहे."

"आई, रीतच आहे," बाबलशेट म्हणाला. "भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे येतो. बहीण भावाकडे जात नाही. आणि मामाला यायचे तरी किती? अंगणातून होडीत, होडीतून जहाजात."

रीत खरीच होती. पण रीत पाळायची म्हणून त्याने ते म्हटले नव्हते. जहाज हवे होते, म्हणून त्याला रीत आठवली होती. द्वारकाबाईला ते कळले. पण मुलाचा चेहरा इतका फुलला होता की तिला पुढे बोलवेना. तिने ओल्या नारळाच्या करंज्या करायला घेतल्या. भिकाजीला त्या फार आवडत.

बाबलशेटचे वडील थकलेले होते, ते घरी राहिले. पाडव्याच्या सकाळी मायलेक जहाजावर चढले. निरोप द्यायला अर्धे बंदर लोटले होते.

जहाजाला नावे ठेवायचे कारण नाही. ते चांगलेच होते. गादी मऊ होती. पाणी हलत असले तरी तांब्या हलत नव्हता. जेवणात चार प्रकारची लोणची होती. बाबलशेट आईला एकेक मजला दाखवत फिरला. आरशांचे दालन दाखवले, गाणारा पोपट दाखवला. आई सगळ्याला छान म्हणाली. दुपारी तिने वाढणाऱ्या माणसाला हळूच विचारले की समुद्र कोणत्या बाजूला आहे. तिच्या खोलीला खिडकी नव्हती. तीनशे माणसांत तिला एकानेही नाव विचारले नाही, आणि तिलाही कोणाचे विचारायचे धाडस झाले नाही.

भाऊबीजेच्या दुपारी जहाज केवणीसमोर थांबले. द्वारकाबाई सकाळपासून तबक मांडून बसली होती. निरांजन, अक्षता, सुपारी, कुंकवाची डबी. बाबलशेटने तिला हाताला धरून कठड्याशी आणले. दूर किनाऱ्यावर माडांची एक रेघ दिसत होती. ती म्हणाली, "हेच का केवणी? मला तर ओळखू येत नाही."

वाळूच्या बांधावर लाटा फुटत होत्या. त्यांतून एक होडी वरखाली होत येत होती. होडीत तीन माणसे होती. दोघे वल्ही मारत होते, एक मध्ये बसला होता. होडी जहाजाखाली आली, तेव्हा ती विहिरीत पडलेल्या पानाएवढी दिसू लागली.

द्वारकाबाईने विचारले, "यातला भिकू कोणता?"

"मधला, आई. पांढऱ्या टोपीचा."

जहाजावरून दोरीची शिडी सोडण्यात आली. ती लाटेबरोबर झुलत होती. खाली भिकाजी मुलाचा खांदा धरून उभा राहिला. त्याने शिडी पकडली. एक पायरी चढला. दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला आणि तेथेच थांबला. त्याचे दोन्ही गुडघे थरथरत होते, ते वरूनही दिसले. होडी खालून सरकली. मुलाने त्याला कंबरेला धरून ओढून घेतले.

"त्याला सांग, चढू नकोस," द्वारकाबाई म्हणाली. "मीच खाली उतरते."

बाबलशेट कप्तानाकडे धावला. जहाजाची होडी खाली सोडा, आईला त्यातून खाडीत नेतो, असे त्याने विनवले. कप्तान भला माणूस होता. त्याने समुद्राकडे पाहिले आणि मान हलवली. "शेट, या उधाणात म्हातारीला होडीत उतरवणे माझ्याने होणार नाही. आणि मला उजेड आहे तोवर पुढच्या बेटाशी पोचले पाहिजे. वर तीनशे माणसे आहेत."

मग कोणीतरी सुचवले की टोपली सोडा. टोपली सोडली. करंज्यांचा डबा खाली गेला. भिकाजीने बहिणीसाठी आणलेला चोळीचा खण वर आला. आसपासच्या प्रवाशांना मोठी गंमत वाटली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबलशेट म्हणाला, "चला, निदान देणेघेणे तरी झाले."

द्वारकाबाई खण हातात धरून म्हणाली, "वस्तू गेल्या आणि आल्या. माझा हात कसा जाणार?"

तिने कठड्याशीच निरांजन लावले. ते वाऱ्याने विझले. पुन्हा लावले, पुन्हा विझले. तेव्हा तिने विझलेले तबकच खालच्या त्या पांढऱ्या टोपीभोवती तीनदा फिरवले. खाली भिकाजीने टोपी काढली आणि कपाळ वर केले. तो काहीतरी बोललाही, पण त्याच वेळी जहाजाचा भोंगा वाजला.

सफर पाच दिवसांनी संपली. बंदरातल्या बायका द्वारकाबाईभोवती जमल्या. तिने त्यांना आरशांचे दालन सांगितले, चार लोणची सांगितली. एकीने विचारले, "आणि भाऊ भेटला का?"

"दिसला," द्वारकाबाई म्हणाली.

बाबलशेटने ते ऐकले. त्याला काहीतरी टोचले. पुढच्या भाऊबीजेला आईला मचव्याने नेऊ, असे त्याने मनात म्हटले. वर्ष काय, आता जाईल. आपण सगळेच असे म्हणतो.

शिमगा उलटला आणि केवणीहून निरोप आला. भिकाजी आठ दिवसांच्या तापाने गेला.

 तिसऱ्या दिवशी द्वारकाबाई म्हणाली, "मला आता ने. लखमाच्या मचव्याने."

लखमाने नारळ सरकवून घोंगडी अंथरली. आक्कांना ऊन लागू नये म्हणून शिडाच्या सावलीत बसवले. मचव्यात आणखी सहा माणसे होती. घटकाभरात सगळ्यांना सगळ्यांची नावे कळली. एका बाईने भाकरी सोडली, ती सगळ्यांनी वाटून खाल्ली. तोंडावर तुषार उडत होते. लुगड्याचा काठ भिजला होता. पण पाणी इतके जवळ होते की द्वारकाबाई बसल्या जागेवरून हात बुडवत होती. एकेक टेकडी दिसे आणि ती तिचे नाव सांगे. या टेकडीवर भिकू हरवला होता, त्या दगडावरून त्याने पहिली उडी मारली होती, असे ती सांगू लागली. बाबलशेटने आईच्या लहानपणाबद्दल आजवर कधी काही विचारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी भरती लागली. मचवा बांधावरून अलगद आत शिरला. पुढे पाणी शांत होते. काठावर जाळी सुकवणाऱ्या माणसांनी द्वारकाबाईला ओळखले आणि हात जोडले. लखमाने मचवा अंगणाला लावला आणि फळी टाकली. द्वारकाबाई फळीवरून उतरली आणि चालू लागली. उंबरा अकरा पावलांवर होता. त्या वयातही तिला कोणाचा हात धरावा लागला नाही.

बाबलशेट मागे उभा राहून पाहत होता. त्याने लखमाला विचारले, "भाऊबीजेलाही एवढेच सोपे झाले असते?"

"त्या दिवशी भरतीचे पाणी याहून जास्त होते, शेट," लखमा म्हणाला, आणि दोर बांधायला वळला.

अंगणात फणसाचे झाड होते. त्याच्या फांदीला एक दोरीची शिडी टांगलेली होती. बाबलशेटला तिचा अर्थ लागेना. त्याने भिकाजीच्या मुलाला विचारले.

मुलगा म्हणाला, "बाबांनीच मला बांधायला लावली. तुमचे जहाज गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा तेच जहाज येईल, ताईला पुन्हा वरच उभे राहावे लागेल, तर मला चढता आले पाहिजे. रोज सकाळी येऊन चढायचे. आम्ही खाली हात धरून उभे राहायचो. ताप आला तेव्हा पाचव्या पायरीपर्यंत पोचले होते."

 बाबलशेटने शिडी सोडायला हात वर केला. द्वारकाबाई उंबऱ्यावर बसली होती. ती म्हणाली, "राहू दे."

तो तिच्याजवळ गेला. "आई, माझे चुकले. मला तुला सगळ्यांत चांगले ते द्यायचे होते."

द्वारकाबाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ती रागावलेली नव्हती. म्हणूनच तिचे बोलणे त्याला जन्मभर विसरता आले नाही.

"तू मला खूप दिलेस, बाबल," ती म्हणाली. "मागितले तेवढे मात्र दिले नाहीस."

तात्पर्य: ज्याला द्यायचे, त्याला काय हवे आहे ते आधी नीट ऐकावे. आपल्या हौसेच्या मापाने दिलेली मोठी वस्तू त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि वेळ निघून गेल्यावर त्याने मागितलेली लहानशी गोष्टही देता येत नाही.