निव्वळ लाल मळा

“…मग या पांढऱ्या वेली इथे कशासाठी, गेरोंडा?”

झेनॉनने विचारले. सायप्रस बेटावरच्या मठांत वडीलधाऱ्या साधूला गेरोंडा म्हणतात. या डोंगरी मठाचे गेरोंडा सोझोस तेव्हा मळ्यात छाटणी करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“शेजारी आहेत.”

झेनॉनला हे उत्तर वाटले नाही. तो मठात नवा आलेला साधू, लिमासोल शहरातल्या वाइन-व्यापाऱ्याचा मुलगा. एका घोटात वाइन कुठल्या उतारावरची ते सांगायचा. मराथेफ्तिको ही बेटावरच्या द्राक्षांची जुनी लाल जात. तिच्या वाइनचा शाईसारखा रंग, रानफुलांचा वास… तिच्यावर त्याचा जीव होता. तिच्या ओळींत मधेमधे लावलेली पांढरी स्पूर्तिको त्याला बघवत नसे. पातळ सालीची, पाणचट, बोट लावले की फुटणारी.

मठातल्या माणसांबद्दलही त्याचे मत साधारण हेच होते. विशेषतः स्वयंपाकघर सांभाळणारे वृद्ध साधू, बंधू त्रिफोन. ते बेसूर गायचे आणि प्रार्थनेच्या मधेच त्यांना हसू आवरायचे नाही.

म्हणून त्या दिवशी झेनॉनने मनातले मागून टाकले. टेकडीवरची रिकामी कुटी. तिथे एकट्याने राहायचे, कुणाचा आवाज नको.

गेरोंडांनी कमरेची कुटीची किल्ली काढली, हातात धरून ठेवली…

“डोंगरामागचा मळा या वर्षी तुझा. हवं ते ठेव, नको ते काढ. काढणीला एक टोपली द्राक्षं आण आणि ही घेऊन जा.”

“एकच टोपली?”

“एकच.”

त्याच आठवड्यात झेनॉनने डोंगरामागची एकूण एक स्पूर्तिको मुळासकट उपटली. त्रिफोननी जाता जाता विचारले, जळणाला नेऊ का रे? त्याने स्वतः मोळ्या बांधून दिल्या.

मळा निव्वळ लाल झाला. वसंतात वेली तरारल्या, फुलोराही आला. झेनॉन रोज तिथे जाऊन नुसता बसायचा. एवढे सुख त्याला मठात आल्यापासून झाले नव्हते.

मग फुलोरा गळाला. घडांच्या जागी उघडे देठ राहिले. त्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे दाणे, मधेच एखादा धड मणी.

त्याने पाणी दिले, शेणखत दिले, पाने विरळ केली. मणी काही धरले नाहीत.

शेवटी तो खालच्या मळ्यात गेला. तिथे दोन्ही जाती एकत्र होत्या आणि लाल वेली घडांनी वाकल्या होत्या. पांढरी जितकी जवळ, तितका घड भरलेला. तो एका वेलीकडून दुसरीकडे गेला, पुन्हा पहिलीकडे आला. मग ओळीच्या मधेच खाली बसला.

काढणीच्या दिवशी अंगणातल्या दगडी हौदात द्राक्षे तुडवणे चालले होते. सगळे बंधू गुडघ्यापर्यंत जांभळे. त्रिफोन सर्वांत मोठ्याने गात होते.

झेनॉन टोपली घेऊन आला. तळाशी ओंजळभर मणी होते.

गेरोंडांनी एक तोंडात टाकला, डोळे मिटले.

“वा…”

“चेष्टा करू नका, गेरोंडा.”

“चेष्टा कसली? गोड आहे.”

“लाल वेल एकटी फळत नाही. पांढरीचा पराग वाऱ्यावर यावा लागतो तिला. तुम्हाला माहीत होतं.”

“होतं.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं की. शेजारी आहेत म्हणालो.”



हौदातून त्रिफोन म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नकोस, पोरा. मी आणि गेरोंडा एकाच वर्षी मठात आलो. त्यांनीही तरुणपणी त्याच मळ्यातल्या पांढऱ्या वेली उपटल्या होत्या. त्या हिवाळ्यातही जळण छान पुरलं होतं.”

सगळा हौद हसला. गेरोंडांना तर भिंतीला टेकावे लागले.

झेनॉनलाही हसू आले. दाबले, तरी आले. त्याने टोपली हौदात उपडी केली, चपला काढल्या, झगा वर खोचला आणि त्रिफोनच्या शेजारी उतरला. छाटणीच्या वेळी पांढरीच्या काड्या लावायला मिळतील का, असे त्याने गाण्याच्या मधेच विचारले. त्रिफोन म्हणाले, आधी गा.

तो गायला. तोही बेसूरच निघाला.

ऊन उतरले तेव्हा गेरोंडा हौदाच्या काठाशी आले. त्यांनी किल्ली पुढे केली.

“टोपली भरली नव्हती,” झेनॉन म्हणाला. “आणि आता मला कुटी नको.”

“म्हणूनच देतोय.”

झेनॉन रसाने माखलेले हात तसेच धरून उभा राहिला…

“घे,” गेरोंडा म्हणाले. “फुलोऱ्याच्या दिवसांत दार उघडं ठेव.”