सात राजे आणि एक घागर

वैशाखात सामने, तेही भर दुपारी! चिंचगडच्या भूपाळराजांनी शेजारच्या सहा राजांबरोबर बसून तसं ठरवूनच टाकलं होतं. सभा अर्थातच वाळ्याच्या पडद्याआड झाली. खेळाडूंना विचारलं का? छे, बैलाला विचारून कोणी नांगराला जुंपतं का!

पहिल्याच सामन्यात चिंचगडचा गोलंदाज नागोजी धावता धावता कोसळला. जीव वाचला, पण पुढचा सामना परवावर आला होता. तेव्हा सातही राज्यांच्या खेळाडूंनी मिळून विनंती केली, की सभेत आमचाही एक माणूस बसू द्या. ती घेऊन नागोजीची बहीण सगुणा दरबारात आली. मैदानावर खेळाडूंना पाणी द्यायचं काम तिचंच.

"मिळून?" भूपाळराजे म्हणाले. "मैदानात एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात ते? बरं, ऐक. सातही राज्यांच्या तोंडून, आधी न ठरवता, एकदम एकच शब्द निघाला तर तुमचं मान्य. नाहीतर नागोजी परवा खेळेल."

"चालेल, महाराज. फक्त सामन्याआधी सातही राजांचं स्वागत मैदानाच्या मधोमध होऊ द्या. भालदार सगळी बिरुदं म्हणेल."

"सगळी?" राजे खुलले.

सामन्याच्या दुपारी सातही राजे रांगेत उभे राहिले. सगळ्यांची बिरुदं संपेपर्यंत हलायचं नाही, हा रिवाज. दुसऱ्या राजासमोर आपल्या डोक्यावर छत्र धरवणं म्हणजे त्याचा अपमान, म्हणून छत्रं मांडवातच राहिली. त्यात काहींनी नवी बिरुदं जोडून आणलेली. तिसऱ्या राजाचे पणजोबा अजून लढाईला निघायचे होते, तोच सातही राजे एकदम ओरडले, "पाणी!"

सगुणा घागर घेऊन पुढे आली. "महाराज, हे आधी कोणी ठरवलं होतं?"

"कोणीच नाही. पण बोललो आम्ही, खेळाडू नव्हे."

"राज्याच्या वतीनं राजाच बोलतो ना? आणि तुम्ही नुसते उभे होतात. माझा भाऊ याच उन्हात धावतो. उन्हानं एकदा गाठलं, की एका सुरात बोलायला कोणाला काही ठरवावं लागत नाही."

घटाघटा पाणी पिऊन भूपाळराजे खो खो हसले. "दिली सभेत खुर्ची! आणखी काय हवं ते माग."

"काही नको, महाराज. सामन्यांच्या वेळा ठरवायची सभा तेवढी इथंच भरवा. याच वेळेला."

हसता हसता राजांना ठसका लागला. त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून सगुणाच्या घागरीला घातला आणि सामना संध्याकाळवर ढकलला.