वानरांची नजर

सह्याद्रीच्या एका घाटाखाली पूर्वी एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्या शिष्याचे अध्ययन पुरे झाले होते आणि गावी जाऊन रोगी तपासायची त्याला घाई झाली होती. पण गुरू निरोपच देईनात. या रानातला बिबट्या एकदा डोळ्यांनी पाहा, मग खुशाल जा, एवढेच त्यांचे म्हणणे.

शिष्याने रान पालथे घातले. धुळीत पंजांचे ठसे सापडत, खोडांवर नखांचे ओरखडे दिसत, बिबट्या मात्र नाही. शेवटी तो इरेला पेटला. औषधासाठी जिचे दूध लागे ती गुरूंची शेळी त्याने ओढ्याकाठी बांधली आणि स्वतः करवंदीच्या जाळीत दडून बसला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मागच्या उंबरावर वानरे सारखी खोकल्यासारखे ओरडत होती. बिबट्या बुजेल म्हणून त्याने त्यांना दगडही मारले.

दिवस कलताना गुरू आले. त्यांनी शेळी सोडून जवळ घेतली आणि ओढ्याकडे पाठ करून ते वानरांकडे बघत बसले. शिष्य मनातून चिडला. आता कसला बिबट्या आणि कसला निरोप!

थोड्या वेळाने गुरूंनी त्याची हनुवटी हलकेच वर वळवली. सगळी वानरे पाहत होती तिकडे, ऐनाच्या झाडाच्या आडव्या फांदीवर, तो पहुडला होता. अंगावरचे ठिपके कोणते आणि पानांतून आलेले उन्हाचे कवडसे कोणते, कळत नव्हते. तो शांतपणे शिष्याकडेच पाहत होता. शिष्याला भीती वाटलीच, पण एवढे देखणे आपण आजवर काही पाहिले नाही, या जाणिवेने त्याचे डोळे भरून आले. मग बिबट्या उठला, खाली उतरला आणि पाऊल न वाजवता गवतात नाहीसा झाला.

"तू येण्याआधीपासून तो तिथेच होता," गुरू म्हणाले. "वानरे तेच सांगत होती, आणि तू त्यांनाच गप्प करत होतास. रोगही असाच दबा धरून असतो, बाळा. रोग्याच्या जवळची माणसे कुठे पाहतात, ते आधी बघ."

शिष्याला निरोप मिळाला. गावातला त्याचा पहिलाच रोगी एक म्हातारा होता. मला काही झालेले नाही, असे तो ठासून सांगत होता. त्याची बायको मध्येमध्ये बोलत होती. तिला थांबवायला शिष्याने हात उचलला आणि तसाच खाली घेतला. बोलता बोलता तिची नजर नवऱ्याच्या धोतराने झाकलेल्या पायांकडे जात होती.

"आजोबा," तो हळूच म्हणाला, "पाय जरा दाखवता का?"