समोरून काढलेलं ताट

“दोन दिवे कशाला लावलेस?” फडतरे सरांनी विचारलं.

“माझी सावली पडते ना ताटावर, म्हणून,” मी सांगितलं. तेही मोठ्या ऐटीत.

शहाण्या माणसाला आपण काय बोललो ते ऐकू येतं. मला आलं नाही.

सर म्हणाले, “मग तू हल की.”

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसले आणि तिसऱ्या दिव्यासाठी प्लग शोधायला लागले.

फडतरे सर साताऱ्यातले जुने फोटोग्राफर. मसाल्याच्या पुड्या, लोणच्याच्या बरण्या, कॅलेंडरं... आयुष्यभर त्यांनी खाण्याचेच फोटो काढले. स्टुडिओच्या भिंतीवर मात्र एकच लावलाय. ज्वारीची भाकरी, शेजारी खर्डा. बस्स. तो बघून माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं होतं, “हात कुठे धुवायचे?”

आणि मी त्यांची सगळ्यात थोराड विद्यार्थिनी. चाळिशी उलटल्यावर बँकेतली नोकरी सोडली आणि ताटांचे फोटो काढायला लागले. आमच्या घरी या कलेला ‘आईचं गार जेवण’ म्हणतात.

पहिलंच काम मिळालं होतं. पाककृतींच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ. प्रकाशक नाडकर्णी बाईंनी दोनदा फोटो परत पाठवला. “ताट सुरेख आहे हो हेमांगी, पण बघून भूक लागत नाही.” आता उद्या सकाळी शेवटचा द्यायचा, नाहीतर काम दुसऱ्याला. हे गेलं असतं, तर फोटोग्राफर आहे असं मी पुन्हा कुणाला सांगितलं नसतं.

म्हणून सगळा स्वयंपाक डब्यात भरून सरांच्या स्टुडिओत आले होते. दिवे, उजेड परतवायला थर्माकोल, चकाकीसाठी ग्लिसरीन, चिमटा, सगळं घेऊन. खिडकीसमोर चौरंग मांडला, त्यावर ताट. ताटात कोथिंबिरीचं एकेक पान चिमट्याने लावलं. लग्नात कुंकूसुद्धा इतक्या निगुतीने लावलं नव्हतं. मग खिडकीकडे पाठ करून कॅमेरा लावला आणि फोटो काढला.

सरांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो बघितला. बराच वेळ बघितला...

“ताट कुणी वाढलं?”

“मी. त्यात तरी चूक काढू नका सर. मीठ वर मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. माझ्या सासूबाईंनीही त्याला कधी नाव ठेवलं नाही.”

“बरोबर वाढलंयस.”

मी फुगले.

“फोटोत चटणी कुठल्या बाजूला आहे?”

मी बघितलं. “उजवीकडे...”

“मीठ?”

“इकडे. अगदी पुढे.”

“आणि भात?”

“तिकडे, लांब.”

“असं ताट कुणाला दिसतं?”

जेवणाऱ्याला तर नाही. जेवणाऱ्याच्या पुढ्यात भात असतो...

“वाढणाऱ्याला,” मी म्हणाले.

सरांनी मान डोलावली.

एवढी वर्षं मी ताट याच बाजूने बघत आले होते. वाकून, हातात पळी घेऊन. घरातलं, पंगतीतलं, पाहुण्यांचं. ते उलटं आहे असं कधी मनातही आलं नाही. मला ते असंच सरळ दिसायचं.

मी विचारलं, “मग ताट फिरवू का?”

“ताटाचं काय चुकलंय?”

सरांनी दिवे बंद केले. आधी एक, मग दुसरा. थर्माकोल उचलून भिंतीला टेकवला. मग एक पाट आणून चौरंगाच्या पलीकडच्या बाजूला ठेवला.

“बस.”

“कॅमेरा कुठे लावू?”

“असू दे मांडीवर. आधी बस तर.”

मी बसले. आता खिडकी माझ्या समोर होती.

उजेड ताटावरून सरळ माझ्याकडे येत होता. लिंबाची फोड आतून पेटल्यासारखी दिसत होती. काकडीच्या कोशिंबिरीचा एकेक कण वेगळा. आमटीच्या तवंगाला सोनेरी काठ आलेला. वाट्यांच्या सावल्या माझ्या बाजूला पडल्या होत्या, आणि त्यांच्यामुळेच प्रत्येक वाटी आपापल्या जागी नीट बसलेली वाटत होती. माझी सावली घालवायला लावलेल्या दोन दिव्यांनी मी याही सावल्या पुसून टाकल्या होत्या.

सकाळी केलेलं जेवण. गार झालेलं. आमटीवर साय धरायची वेळ आली होती. आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

मी कॅमेरा उचलला. भात तेवढा कोरडा दिसत होता.

“तूप राहिलं,” मी म्हणाले, आणि सवयीने उठायला लागले.

“बस खाली.”

सरांनी तुपाची वाटी घेतली. मघाशी मी होते तिथे, पण खिडकी सोडून जरा बाजूला, ते वाकून उभे राहिले. त्यांचा गुडघा वाजला. चमच्यातून तुपाची धार भातावर सुटली आणि उजेडात लख्ख झाली.

मी बटण दाबलं.

पडद्यावर पुढ्यात भात, डावीकडे चटणी, मधोमध ती धार. आणि वरच्या कडेला सरांचा हात, सुरकुतलेला, चमचा धरलेला.

तोच फोटो पुढे मुखपृष्ठावर गेला. तो मिळाल्यावर नाडकर्णी बाईंनी फोन केला तो आमटीत गूळ किती घालतेस हे विचारायला. पण ते दुसऱ्या दिवशी. त्या क्षणी मात्र माझा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नव्हता.

“सर, आता बरोबर आलाय का?”

सर तसेच वाकलेले होते. भातावरून नजर न काढता म्हणाले,

“मला काय विचारतेस? मी वाढतोय.”