थोरल्याची कुस्ती

"मग काय वस्ताद, नियम फक्त आमालाच? थोरल्याला न्हाई?"

हिंदुरावनं हे विचारलं तेव्हा बाबालाल वस्ताद हौद्याच्या कडेला उकिडवे बसून लाल मातीत ताक मिसळत होते. सकाळच्या जोर-बैठका संपल्या होत्या.

तालमीचा नियम साधा होता. ज्याच्या तोंडाला दारूचा वास, त्यानं मातीत पाय ठेवायचा नाही. आणि हिंदुरावचा थोरला भाऊ पिराजी, जो या तालमीतच राहायचा, झाडलोट करायचा, तो काल जत्रेतून पिऊन आला होता. आता तो बाहेर पायरीवर बसला होता. शेजारी त्याची वळकटी होती. ती हिंदुरावनंच आतून आणून बाहेर टाकली होती.

"तुमी त्याला एकदाच म्हणा, जा म्हणून. तुमचं ऐकंल त्यो."

"अख्खा उन्हाळा कोरडा हुता की रं," वस्ताद म्हणाले.

"हुता. आन जत्रा आली, ये रे माझ्या मागल्या."

"डाक्टर काय म्हणला हुता?"

हिंदुरावनं तोंड वाकडं केलं. "म्हणला, दारू हा आजार हाय. आन दारूच्या आड आनखी एक आजार हाय, मनाचा. छातीत धडधडतंय, झोप येत न्हाई, जीव नको वाटतोय, म्हणून ह्यो पितोय. सगळी थेरं. मला न्हाई का कधी भ्या वाटत? मी पितोय का? माणसानं मनावर घ्यावं लागतं वस्ताद. मन खंबीर पायजे."

हिंदुरावला असं बोलायचा हक्क होता, असं निदान त्याला तरी वाटायचं. गडी नाकावर माशी बसू देत नसे. चहासुद्धा त्याला व्यसन वाटे. पंचक्रोशीतल्या मैदानांत अजून कुणी त्याच्या पाठीला माती लावली नव्हती, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरूही देत नसे.

पण खरं सांगायचं तर रागापेक्षा त्याला लाज जास्त वाटत होती. आणि लाजेच्याही तळाशी भीती होती. ज्यानं लंगोट बांधायला शिकवलं, तो थोरला, त्याचा आण्णा, आता हातचा जाणार, ही भीती. ती त्यानं वस्तादांनाही सांगितली नव्हती.

वस्तादांनी हात झटकले.

"शिवाप्पा," त्यांनी हाक मारली, "ह्याला खाली घे."

शिवाप्पा बेळगावकडचा. तालमीतला सगळ्यात जड गडी, आणि बोलायला सगळ्यात कमी. त्यानं हिंदुरावला हौद्यात ओढलं, पटात घुसला आणि बघता बघता त्याला तोंडघशी खाली घेऊन वर बसला. मानेवर कोपर, कमरेवर गुडघा. पक्का कब्जा.

"ऊठ," वस्ताद म्हणाले.

हिंदुराव हलला. शिवाप्पा हलला नाही.

"ऊठ की."

हिंदुरावनं दात ओठ खाल्ले. हात रोवले, पाय ताणले. कानशिलं लाल झाली. तसूभरही फरक पडला नाही.

"मनावर घे रं," वस्ताद मऊ आवाजात म्हणाले. "मन खंबीर कर. उन्हाळाभर कसा उभा हुतास, मग आताच काय झालं?"

"वस्ताद..."

"जत्रेतली पोरं बघ, कशी उभी हाईत. तुलाच का जमत न्हाई?"

"मन काय करंल?" हिंदुराव मातीतूनच ओरडला. "वर वजन हाय!"

...

वस्तादांनी ताकाचं भांडं उचललं, आत डोकावून पाहिलं, पुन्हा खाली ठेवलं.

"हारलास मग?"

"हारीन कशाला?" हिंदुरावचा आवाज चिडून रडवेला झाला. "पालथा हाय मी. पाठ मातीला लागल्याबिगर हार कसली?"

"आन सुटशील कसा?"

"दम धरायचा. आन तुमी कडंनं डाव सांगायचा."

"मी डाव न्हाई सांगितला, नुसत्या शिव्या दिल्या तर?"

"शिव्यांनी कुणाची सुटका..."

हिंदुराव तिथंच थांबला. काल रात्री पायरीवर उभं राहून आपण थोरल्याला काय काय बोललो, ते त्याला एकदम आठवलं. आईबद्दलसुद्धा बोललो होतो. त्याचा गाल मातीत होता, आणि तो त्यानं तसाच राहू दिला.

...

वस्तादांनी शिवाप्पाला खूण केली. वजन उतरलं. हिंदुराव उठून बसला, पण बराच वेळ उभा राहिला नाही.

"नियमाचं काय मग?" त्यानं अखेर विचारलं. या वेळी आवाजात भांडण नव्हतं.

"नियम मातीचा हाय," वस्ताद म्हणाले. "पायरीचा न्हाई."

हिंदुराव अंगाला माती तशीच ठेवून बाहेर आला.

पिराजी गुडघ्यात मान घालून बसला होता. हातांना थरथर सुटली होती. ती लपवायला त्यानं दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. धाकटा शेजारी बसला तसा तो जरा सरकला, मार चुकवायला सरकावं तसा.

"आण्णा, डाक्टरच्या गोळ्या घेत हुतास न्हवं?"

"बंद केल्या."

"का रं?"

"बरं वाटत हुतं. म्हणलं, आता कशाला... मग झोप गेली. जत्रेत लई गर्दी, छाती धडधडाया लागली. म्हणलं, एकच घोट. जाऊ दे. मी वळकटी उचलतोच हाय."

हिंदुरावनं वळकटी आधीच उचलली होती. ती त्यानं दाराच्या आत, भिंतीला लावून ठेवली.

"चल. दवाखान्यात जाऊ. हात लई थरथरत्यात तुझं, डाक्टरला दावू. मी आत येतो संगं."

"तुझी दुपारची मेहनत बुडंल."

"बुडू दे."

पिराजी उठायला गेला, तर पाय लटपटले. हिंदुरावनं त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला. तो तिथंच उभा राहिला, थोरल्याचा श्वास जागेवर येईपर्यंत.

वस्ताद दारात आले होते. पिराजीला त्यांच्याकडं बघवेना. तो खाली बघूनच बोलला.

"वस्ताद, मी परत पडलो."

बाबालाल वस्तादांनी त्याच्याकडं निरखून पाहिलं. मग विचारलं,

"कुणीकडं तोंड करून? पालथा का उताणा?"